स्विमिंग पुलाचा पंप आणि प्रफुलचं कुलूप

पंप बंद पडला तेव्हा माझी बायको पाण्यात होती आणि मी काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तिच्या चपला सांभाळत होतो. आधी भिंतीपलीकडून कोणी खाकरल्यासारखा आवाज आला, मग जळक्या रबराचा वास आला आणि मग काहीच आलं नाही. पाण्यात चालणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. शेजारच्या भागीरथाबाईंनी नाक वर करून हवा हुंगली आणि म्हणाल्या, "गेला वाट्टे बापा."

रायपूरजवळच्या आमच्या पोलाद प्लांटच्या गावात, हुडको वस्तीच्या पलीकडे आमची कॉलनी आहे आणि तिला स्विमिंग पूल आहे. नागपूरच्या नातेवाइकांना हे सांगताना मी आवाज थोडा खाली आणतो, म्हणजे मोठेपणा मिरवतोय असं वाटत नाही. प्रत्यक्षात पूल केवढा, तर उंच माणसाने दोन हात मारले की पलीकडची भिंत डोक्याला लागते. पाणी छातीपर्यंत. बिल्डरने फ्लॅट विकताना जे चित्र छापलं होतं त्यात काठावर गोऱ्या बायका टॉवेल गुंडाळून सरबत पीत होत्या. आज तिथे सकाळी उतरतात त्या संघमित्रा, म्हणजे आमची मंडळी, भागीरथाबाई आणि गुडघे गेलेल्या आणखी दोघी-तिघी. सलवार-कमीज घालून, सुनांविषयी बोलत, त्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतात. पोहत कोणीच नाही.

संघमित्राला डॉक्टरांनी सांगितलं होतं, उन्हाळाभर रोज पाण्यात चाला, मग बघू, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशनचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. तिला वाटत होतं ते खुर्चीचं. पौर्णिमेला विहारात वंदनेच्या वेळी सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून खाली सतरंजीवर बसतात आणि ही मागे, चपलांच्या जवळ, एका लाल प्लास्टिकच्या खुर्चीत. तिच्या खुर्चीच्या पाठीला पोरं लोंबकळतात. "मी बाई जिवंत असून फोटोवानी मागं टांगली हाय," असं ती एकदा म्हणाली, आणि ते मला फार लागलं.

हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे जे केलं ते वाचून लोकांना वाटेल की या माणसाला दुसरा उद्योग नव्हता. उद्योग नव्हताच, ते निराळं.

सोसायटीची मीटिंग भरली. आमचे अध्यक्ष अमरदीप साहू प्लांटच्या अकाउंट्समधून रिटायर झालेले. त्यांनी रायपूरच्या एका कंपनीचं कोटेशन मागवलं होतं. ते त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि कागद पालथा घालून त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला. "बारिश के बाद देखते हैं," ते म्हणाले. अमरदीपजींचं पावसानंतर म्हणजे कोणत्या सालच्या पावसानंतर हे कॉलनीत कोणीच विचारत नाही. कंपाउंडची पडलेली भिंत याच बोलीवर अजून पडलेली आहे. मला एकदम ती लाल खुर्ची दिसली आणि मी उभा राहून म्हणालो, "आम्ही करतो."

आम्ही म्हणजे मी आणि प्रफुल बिसेन. प्रफुल त्या वेळी मीटिंगमध्ये नव्हता. तो घरी झोपला होता.

इथे आमच्या योग्यतेबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मी गुलाब मेश्राम, सारी नोकरी प्लांटच्या सेफ्टी खात्यात काढली. माझं काम म्हणजे दुसरे लोक काम करत असताना बाजूला उभं राहून हेल्मेट कुठाय म्हणून विचारणं. असंख्य पंप मी दुरुस्त होताना पाहिले. स्वतः एक नट फिरवला नाही. प्रफुल कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, फोरमन होता. त्याने नट खूप फिरवले, पण ते घराएवढ्या मशिनींचे. त्याहून लहान वस्तूचा त्याच्या हाताला अंदाज येत नाही. तो स्वतःच्या घरचा नळ घट्ट करायला बसला की वरखालचे लोक बादल्या भरून ठेवतात.

"गुलाबभाऊ, हे त आपलं डाव्या हाताचं काम," तो जांभई देत म्हणाला. "पन करू त सिस्टिमनं करू. शटडाऊन घेऊ."

शटडाऊन हा शब्द ऐकून मला बरेच दिवसांनी बरं वाटलं. प्लांटात कोणत्याही मशिनीला हात लावायचा तर आधी तिचा शटडाऊन घेतात, आणि त्यात एक रीत आहे. जो जो माणूस त्या कामावर असेल तो बटणाच्या पेटीला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. जेवढी माणसं, तेवढी कुलुपं. काम झालं की ज्याने त्याने आपलं काढायचं. एक जरी कुलूप लटकत असलं तरी समजायचं, कोणीतरी अजून आत आहे, आणि मशीन सुरू करायची नाही. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या गळ्याला हात लावणं. हे वाक्य मी पोरांना शिकवताना इतक्यांदा म्हटलं आहे की घरी झोपेतही म्हणतो, असं संघमित्रा सांगते.

तेव्हा आम्ही पंपाच्या खोलीत गेलो आणि बटणाच्या पेटीला दोन कुलुपं लावली. माझं लहान, पितळी. प्रफुलचं काळं, दणकट, प्लांटातून रिटायर होताना त्याच्याबरोबर रिटायर झालेलं. किल्ली त्याने शर्ट वर करून करदोड्याला बांधली. नोकरीत असतानाही तो तिथेच बांधायचा. अमरदीपजी दारातून बघत होते. "इतने से पंप के लिए?" त्यांनी विचारलं. अकाउंट्सच्या माणसाला यातलं काय कळणार, म्हणून आम्ही नुसते हसलो.

जुना पंप निघेना. नट गंजून बोल्टशी एकजीव झाले होते. प्रफुलने पाना लावून अंग टाकलं, तेव्हा नट तसाच राहिला आणि पाईप मुळापासून तुटला. "तसाही बदलाचाच होता," तो म्हणाला. हे वाक्य पुढच्या दिवसांत त्याने इतक्या वस्तूंबद्दल म्हटलं की मी ते मोजायचं सोडून दिलं.

नवा पंप घ्यायला आम्ही पावर हाउसच्या बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, "खेत के लिए?" स्विमिंग पूल म्हटल्यावर त्याने आमच्या चपलांकडे पाहिलं आणि एक छोटासा, शहाण्या चेहऱ्याचा पंप समोर ठेवला. मला तो पसंत होता. पण प्लांटच्या माणसाची एक खोड असते. लागतं त्याहून थोडं जास्तच घ्यायचं, म्हणजे उद्या वरच्या साहेबाने विचारलं तर आपण कमी पडत नाही. इथे वरचा साहेब कोणीही नव्हता, तरी प्रफुल म्हणाला, "याहून मोठा दाखवा." दुकानदाराने मोठा दाखवला. "याहून?" शेवटी जो पंप आम्ही ऑटोत घातला त्याच्यामुळे मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसावं लागलं आणि प्रफुल मागे पंपाला कवटाळून बसला.

पंप खोलीच्या दारातून आत जाईना. चौकट काढली, तरी जाईना. मग भिंतीच्या विटा काढल्या. आवाज ऐकून कॉलनीतले लोक जमले आणि सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं पंप उभा करून न्या, कोणी म्हणालं आडवा. भागीरथाबाईंचं म्हणणं होतं की पंपाची गरजच नाही, पाण्यात तुरटी फिरवा आणि वरून कडुनिंबाचा पाला टाका, आमच्या गावच्या विहिरीले कोनता पंप होता. मी त्यांना नम्रपणे म्हणालो की विहिरीत आपण चालत नव्हतो. त्यावर त्या रुसल्या आणि जेवायच्या वेळेपर्यंत रुसून तिथेच उभ्या राहिल्या.

पंप आत आल्यावर कळलं की त्याचं तोंड जुन्या पाईपांच्या दुप्पट आहे. म्हणजे पाईप बदला. पाईप बदलले तर वॉल्व्ह बदला. वॉल्व्ह बदलले तर त्यांना जोडणारे एल्बो, टी आणि युनियन बदला. रोज सकाळी मी पावर हाउसला जायचो आणि रोज दुपारी पुन्हा जायचो, कारण सकाळी आणलेली वस्तू पाव इंचाने चुकलेली असायची. दुकानदार मला पाहून नोकराला खुर्ची पुसायला सांगू लागला. "अंकल, पूरा हाथी ही ले जाते," तो एकदा म्हणाला. मी हसलो नाही. माणसाला काही मान असतो.

पुण्याहून मुलाचा, मोहितचा फोन आला. आईने त्याला काहीतरी सांगितलं असावं. "पापा, आप मत करो यार. किसी प्लंबर को बुला लो ना." मी त्याला मराठीत सांगितलं की तुझा बाप सेफ्टीमध्ये होता. "वही तो, पापा," तो म्हणाला, "सेफ्टी में थे." फोन कट झाला की त्याने केला ते मला कळलं नाही.

सोल्यूशन लावून पाईप चिकटवायचं काम सोपं असतं, पण ते एकदा चिकटलं की ब्रह्मदेवाच्या बापाला सुटत नाही. प्रफुलने मोठा वॉल्व्ह अगदी सरळ, अगदी घट्ट बसवला. मग उभे राहून आम्ही दोघांनी कौतुकाने पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की त्याचं हँडल भिंतीकडे आहे. ते फिरवायचं तर भिंतीच्या आत उभं राहावं लागलं असतं. वॉल्व्ह कापून काढला, तेव्हा पाईप आखूड पडला. तो जोडला, तेव्हा जोड गळू लागला. गळती बंद केली, तेव्हा दुसरीकडून शिट्टी वाजू लागली. या सगळ्यात पाणी एका जागी उभं होतं, ऊन चढत होतं आणि पुलाच्या कोपऱ्यांत किंचित हिरवं काहीतरी धरू लागलं होतं. मला रात्री झोप लागेना. लागलीच तर स्वप्न पडायचं की बायका विहारात वंदना म्हणत आहेत आणि संघमित्राच्या खुर्चीखालून पाणी गळतंय.

एकदाची चाचणी ठरली. अमरदीपजी नारळ घेऊन आले. माझा नारळाशी संबंध नाही, पण अध्यक्षांचा उत्साह मोडवेना. आम्ही आपापली कुलुपं काढली. प्रफुलने बटण दाबलं. पंपाने जी ताकद दाखवली ती पाहून मला क्षणभर नोकरीवर परत गेल्यासारखं वाटलं. पुलावर तरंगणारी पानं, एक चेंडू, कोणाची तरी रबरी चप्पल, सगळं एका दिशेने ओढलं गेलं. आणि मग अमरदीपजींच्या छातीच्या उंचीवर होता तोच जोड निघाला. साहेब नारळासकट भिंतीला टेकले. पंप बंद करेपर्यंत ते चिंब झाले होते आणि तरीही नारळ त्यांच्या हातात होता. "पंप तो अच्छा है," ते थोड्या वेळाने म्हणाले.

तो जोड आम्ही त्याच संध्याकाळी पुन्हा बसवला. कामावर परत आलो म्हणून कुलुपं परत लावली. सोल्यूशन सुकायला एक रात्र द्यायची आणि सकाळी सुरू करायचा, असं ठरलं. संघमित्राने कपाटातून पाण्यातली सलवार-कमीज काढून दांडीवर टाकली. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी पडल्या पडल्या झोपलो.

सकाळी मी पंपाच्या खोलीत गेलो, जोडाला हात लावून पाहिला, खडखडीत होता. माझं पितळी कुलूप काढलं. शेजारी प्रफुलचं काळं कुलूप लटकत होतं. मी त्याच्या घरी गेलो, तर दाराला दुसरं कुलूप. समोरच्यांनी सांगितलं की बालाघाटकडे त्याच्या भाचीचं लग्न आहे, मंडळी तांबडं फुटता फुटता गाडीने गेली, आता हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं उरकूनच येतील. फोन लावला. जंगलातल्या गावात लग्न होतं, फोन लागेना.

पहिल्या दिवशी मला राग आला. दुसऱ्या दिवशी काळजी वाटू लागली, कारण पाणी आता कोपऱ्यात हिरवं न राहता मध्यभागी सरकत होतं. अमरदीपजी हातोडी घेऊन आले. "मेश्रामजी, एक ही तो मारनी है."

"साब, ताला प्रफुल का है."

"तो? नया दे देंगे उनको."

मी त्यांना रीत समजावून सांगितली. ते लक्षपूर्वक ऐकत होते, कारण अकाउंट्सच्या माणसाला नियम आवडतात. पण शेवटी ते म्हणाले, "लेकिन वो तो शादी में हैं. अंदर कोई है ही नहीं." आत कोणी नाही हे मलाही दिसत होतं. पंपाच्या खोलीत एक पंप, एक मी आणि विटांचा ढीग.

कॉलनीत दोन पक्ष पडले. ज्यांनी प्लांटात मशिनींजवळ काम केलं होतं ते कुलपाकडे बघत, मान हलवत आणि निघून जात. बाकीचे मला जिन्यात गाठून विचारत की एवढं काय त्या कुलपात आहे. भागीरथाबाईंचे मालक ब्लास्ट फर्नेसला होते, आता नाहीत. मला वाटलं बाई तरी म्हणतील तोडा म्हणून, कारण गुडघे त्यांचेही दुखत होते. त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि पदर सावरला. "दुसऱ्याचं कुलूप हाय का? मंग राहू द्या भाऊ," एवढंच म्हणाल्या.

संघमित्रा दांडीवरची सलवार-कमीज रोज संध्याकाळी घडी करून ठेवायची आणि सकाळी पुन्हा दांडीवर टाकायची. बाथरूमला जाताना भिंतीला हात लावत जायची. गुडघ्याला मलम चोळताना मी विचारलं, "लय दुखते काय?"

"दुखते त."

"चार दिवस कळ काढ. प्रफुल येईल."

ती मलमाच्या डबीचं झाकण लावत म्हणाली, "मी कोनाले काही म्हनून राहिली काय? मले पाण्यात दुखत नाही, येवढंच हाय. साऱ्या दिवसातून तेवढा वेळ दुखत नाही."

मी त्या दिवशी दुपारचं जेवण नीट जेवलो नाही. ती जरा पडते म्हणून आतल्या खोलीत गेली. कॉलनी उन्हात निपचित पडली होती. मी हॅकसॉ ब्लेड वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि स्वतःच्याच सोसायटीत चोरासारखा भिंतीच्या सावलीतून पंपाच्या खोलीकडे गेलो. नोकरीभर मी ज्या माणसाला पकडायला फिरलो तो माणूस हाच होता. मला माझीच भयंकर लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा तिचं भिंतीला हात लावत जाणं डोळ्यांसमोर जास्त होतं.

प्रफुलचं कुलूप कापायला कठीण होतं. ब्लेड घसरत होतं, हात घामाने निसटत होता, आणि प्रत्येक वेळी कर्र आवाज झाला की मी थांबून कानोसा घेत होतो. अर्धी कडी कापली गेली. मग थोडी आणखी. आता एक जोराचा पिळा दिला की ती तुटणार होती, आणि बटण तिथेच हाताखाली होतं. तुटलं की लगेच दाबायचं, म्हणजे पुन्हा विचार करायला वेळ नको, असं मी ठरवलं होतं.

पण हाताला सवय असते तशी तोंडालाही असते. मशीन सुरू करण्याआधी मोठ्याने विचारायचं असतं. मी हे इतकी वर्षं केलं होतं की रिकाम्या खोलीत, चोरी करताना, उघड्या भिंतीतून पुलाच्या दिशेने तोंड करून मी ओरडलो, "आत कोनी हाय काय?" आणि ओरडल्याबरोबर स्वतःलाच शिवी दिली, कारण आता सगळी कॉलनी जागी होणार होती.

"हो," पलीकडून आवाज आला. "मी हाय."

ब्लेड माझ्या हातातून पडलं. मी विटांवरून ठेचकाळत बाहेर आलो. संघमित्रा पुलाच्या मधोमध छातीभर हिरव्या पाण्यात उभी होती. सलवार-कमीज अंगावर, ओढणी खांद्यावरून मागे पाण्यात पसरलेली. मला पाहून तिने लहान मुलीसारखी नजर चुकवली.

"तू झोपली होती ना?"

"झोप नाही लागली. तुमी गेले तं म्हटलं जाऊन येतो थोडंसं. हिरवं असलं म्हनून काय झालं, पानीच हाय." मग तिने भुवया चढवल्या. "अजी, इथं खाली काय झालं? भोक पडलं हाय. पाय आत जाते माहा."

पुलाच्या तळाला मधोमध पाणी ओढणारं तोंड असतं आणि त्यावर लोखंडी जाळी असते. जाळी असली तर पाय आत जात नाही. आणि जाळी नसली, तर आम्ही बसवलेला पंप ओढणी, पाय, जे सापडेल ते ओढून धरतो आणि सोडत नाही. चप्पल आणि चेंडू कसे गेले होते ते मी पाहिलं होतं.

"संघमित्रा," मी म्हणालो, "तिथून बाजूला हो. काठाला ये." ती काठाला आली आणि तिने कठडा धरला. मी तिथे गरम फरशीवर बसलो. थोड्या वेळाने तीच पाण्यातून हात काढून माझ्या पावलावर ठेवून उभी राहिली.

"तुमी कुलूप तोडून राहिले होते," ती म्हणाली.

"हो."

"माह्यासाठी."

"हो."

"मंग ओरडले कावून?"

"सवय," मी म्हणालो, आणि मग मला रडू आलं. भरदुपारी, काठावर, सेफ्टी खात्याचा माणूस. कोणी पाहिलं असेल तर असो.

प्रफुल आला तो कपाळाला हळद-कुंकू आणि हातात नवी कोरी लोखंडी जाळी घेऊन. बालाघाटला कोणा नातेवाइकाच्या वर्कशॉपमध्ये करून घेतली होती. "जुनी सडून गेली होती," तो सांगू लागला. "जायच्या आधी बुडी मारून काढली. तुमाले सांगतो म्हटलं, तं तुमी झोपले होते. मंग म्हटलं, जाऊ दे, कुलूप त हाय." एवढंच. त्याच्या हिशेबाने त्याने मला सविस्तर निरोप ठेवला होता, आणि प्लांटच्या हिशेबाने खरंच ठेवला होता.

मग तो पेटीजवळ गेला आणि त्याला कडी दिसली. मी विटांच्या ढिगाकडे पाहू लागलो. त्याने कापलेल्या जागेवर अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवला. "पंपाच्या खोलीत उंदरं लय झाले वाट्टे," तो म्हणाला. शर्ट वर केला, करदोड्याची किल्ली काढली आणि जेमतेम धरून असलेलं ते कुलूप व्यवस्थित किल्लीने उघडलं. तो पुन्हा त्याविषयी कधी बोलला नाही. मी मात्र त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून खाली बसला आणि त्याने पाणी मागितलं.

जाळी बसली. पंप चालला, जोड टिकले, हिरवं पाणी हळूहळू निळसर झालं. अमरदीपजींनी दुसरा नारळ आणला आणि या वेळी लांबून फोडला.

पूल उघडायच्या आदल्या दिवशी संघमित्रा म्हणाली, "मले पावर हाउसले न्या." दुकानदार मला पाहून उभाच राहिला. "अब क्या टूटा, अंकल?" संघमित्राने काउंटरवर कुलुपं मांडून घेतली, एकेक उघडून, लावून, कानाजवळ खडखडवून पाहिली आणि एक निवडलं. घरी येऊन तिने त्यावर नखाच्या लाल पॉलिशने आपलं नाव लिहिलं. मोठ्या अक्षरांत लिहिल्यामुळे नाव पुढच्या बाजूवर मावलं नाही, ते वळून मागे गेलं.

सकाळी ती आधी पंपाच्या खोलीत गेली. पंप बंद होता. तिने पेटीला कुलूप अडकवलं, दाबलं आणि किल्ली सेफ्टी पिनने कमीजच्या आत लावली.

"किल्ली माह्यापाशी दे," मी म्हणालो. "पाण्यात पडेल."

"आत कोन राहते?" तिने विचारलं.

"तू."

"मंग किल्ली कोनापाशी राहीन?"

मी बाजूला झालो. ती कठडा धरून एकेक पायरी उतरली, पाणी कमरेला लागलं, मग छातीला, आणि तिचा चेहरा सैल झाला. ती चालू लागली. अमरदीपजी फेरी मारत आले आणि पंपाचा आवाज नाही म्हणून थबकले. "मेश्रामजी, फिल्टर चालू नहीं किया?"

"आदमी अंदर है, साब."

"कौन?"

"मेरी मिसेस."

त्यांनी पेटीकडे पाहिलं, लाल नाव मान वाकडी करून वाचलं, आणि हातोडीवाल्या दिवसाची आठवण झाल्यासारखे मुकाट्याने निघून गेले. संघमित्रा पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन वळली. तिथूनच तिने हाक मारली, "अजी, ओढून पाहा बरं एकदा."

मी आत जाऊन कुलूप ओढून पाहिलं. घट्ट होतं. बाहेर येऊन खुर्चीत बसलो, तिच्या चपला जवळ ओढल्या, आणि थोड्या वेळाने उठून आणखी एकदा ओढून पाहिलं.